पेंटबॉलचा मार्कर घेताना : दिखाव्यावर जाऊ नका, मोजून घ्या

कापडाचा धंदा करणारा माणूस पेंटबॉलच्या बंदुकीवर लिहायला बसला, हे पाहून वाचक बंधूंना नवल वाटेल. म्हणून आधी त्याचा खुलासा करतो. पिंपरी, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातील कारखान्यांना आम्ही बॉयलर सूट, हातमोजे आणि कॉटन वेस्ट पुरवतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे बॉयलर सुटांची एक वेगळीच ऑर्डर आली. गिऱ्हाईक कारखाना नव्हता. चाकणजवळ जागा भाड्याने घेऊन पेंटबॉलचे मैदान काढू पाहणारे ते तीन तरुण भागीदार होते आणि त्यांतला एक आमचा सख्खा भाचा होता.

धंद्याची कल्पना वाईट नव्हती. या पट्ट्यातील मोठ्या कंपन्या आणि हिंजवडीची कार्यालये आपल्या माणसांना वर्षातून एखादा दिवस खेळायला बाहेर नेतात. लोणावळ्याजवळ कुणेगावच्या डेला ॲडव्हेंचर पार्कमध्ये हा खेळ आहे आणि शहरातली माणसे पैसे मोजून तो खेळायला जातात. तेव्हा घराजवळ अशी सोय झाली तर गिऱ्हाईक मिळेल, हा मुलांचा हिशेब बरोबर होता. चूक झाली ती मालाच्या खरेदीत. एका पुरवठादाराच्या दुकानात त्यांनी चित्रे पाहिली, लांब नळीचे, दिसायला जबरदस्त असे बारा मार्कर पसंत केले आणि एकही न चालवता रोख पैसे मोजले.

मे महिन्यात पहिली तुकडी खेळायला आली. दुपारपर्यंत बारांपैकी पाच मार्कर गळू लागले. काहींची गोळी चार हातांवर पडे, तर काहींची इतक्या जोरात जाई की लागलेला माणूस कळवळे. एका मुलाने मुखवट्यावर वाफ धरली म्हणून तो क्षणभर वर केला आणि गोळी भुवईला लागली. अल्लाहच्या मेहरबानीने डोळा वाचला. धंदा मात्र दोन महिन्यांत बंद पडला.

भाचा म्हणाला, "मामू, माल दिसायला तर चांगला होता." आम्ही म्हटले, "बेटा, कापडसुद्धा कांजी मारली की दिसायला चांगलेच असते. धुतल्यावर कळते."

त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती घेतली. भोसरीच्या वर्कशॉपवाल्या दोस्तांबरोबर बसून एकेक मार्कर खोलून पाहिला. जे समजले ते येथे मांडत आहोत, कारण आमच्या समाजातील अनेक तरुण आज अशा नव्या धंद्यांत घरची पुंजी घालत आहेत.

मार्कर हे नाव कसे पडले

पेंटबॉलच्या बंदुकीला त्या धंद्यात बंदूक म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात. मार्कर म्हणजे खूण करणारा. अमेरिकेतील नेल्सन पेंट कंपनी जंगलखात्याच्या कामाचे रंग बनवीत असे. तोडायच्या झाडावर लांबूनच खूण करता यावी आणि कळपातील जनावरावर निशाणी टाकता यावी, म्हणून रंग भरलेली गोळी आणि ती फेकणारे पिस्तूल तयार झाले. छर्ऱ्याच्या बंदुका बनवणाऱ्या डेझी कंपनीने ते नेल्सनसाठी बनवले आणि ते 'नेल-स्पॉट ००७' या नावाने विकले गेले. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशर राज्यात बारा माणसांनी हीच पिस्तुले घेऊन जंगलात निशाण पळवण्याचा खेळ खेळला. खेळ म्हणून पेंटबॉलची सुरुवात तेथून धरतात.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की हे मूळचे कामाचे अवजार आहे. म्हणून ते अवजारासारखेच पारखून घ्यावे, शोभेच्या वस्तूसारखे नव्हे.

नेम कशाने लागतो

सर्वांत मोठा गैरसमज असा की महाग मार्कर किंवा लांब नळी घेतली की नेम लागतो. खरे पाहता नेम दोन गोष्टींवर अवलंबून असतो. पहिली, गोळी आणि नळी यांचा जोड. दुसरी, दर वेळी मिळणारा सारखा दाब.

आधी जोड पाहू. खेळाची नेहमीची गोळी ०.६८ इंचाची, म्हणजे सुमारे १७.३ मिलीमीटर व्यासाची असते. वजन साधारण ३ ग्रॅम. वर जिलेटिनचे पातळ कवच आणि आत पाण्यात धुऊन निघणारा रंग. ही शिशाची गोळी नाही, त्यामुळे प्रत्येक खोक्यातील माप थोडे वेगळे असते. नळ्यांचे बोअरही एकसारखे नसतात, साधारण ०.६८४ ते ०.६९३ इंचांपर्यंत मिळतात. गोळी लहान आणि नळी सैल असेल तर गॅस बाजूने निसटतो आणि गोळी नळीत आपटत बाहेर येते. गोळी मोठी आणि नळी घट्ट असेल तर ती आतच फुटते. भोसरीतला कोणताही टर्नर सांगेल की शाफ्ट आणि बुश यांचा जोड बसला नाही तर मशीन कितीही महाग असो, काम बिघडणारच. येथेही तेच आहे.

जोड तपासायची रीत सोपी आहे. नळी मार्करपासून पूर्ण वेगळी करावी आणि तिच्यात एक गोळी सोडावी. ती सरळ खाली पडली तर नळी सैल. अडकली आणि जोरात फुंकर मारूनही हलली नाही तर नळी घट्ट. जागेवर थांबली आणि फुंकर मारताच निघून गेली तर जोड बरोबर. वर्कशॉपमधल्या गो-नोगो गेजसारखीच ही तपासणी आहे. नळी मार्करला लावलेली असताना मात्र तिला कधीही तोंड लावू नये.

नळीच्या लांबीबद्दल एवढेच की ८ इंचांपासून १२-१४ इंचांपर्यंतची नळी पुरते. त्याहून लांब नळीने नेम वाढत नाही. घर्षण वाढते आणि गॅस जास्त लागतो. नळी आतून गुळगुळीत, सरळ आणि स्वच्छ असणे जास्त महत्त्वाचे. आत एक गोळी फुटली की पुढच्या गोळ्या रंगावरून घसरत वाकड्या जातात. म्हणून मार्करबरोबर नळी पुसायचा गज किंवा दोरीचा पुसणा हवाच.

आता दाब. गोळीचा वेग मोजण्याच्या यंत्राला क्रोनोग्राफ म्हणतात. उघड्या मैदानावर वेगाची कमाल मर्यादा ३०० फूट प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर, अशी सर्वत्र मानली जाते. भाड्याने खेळवणारी बरीच मैदाने २८० किंवा त्याहून कमीच ठेवतात. परंतु वेग किती यापेक्षा वेग सारखा आहे का, हे नेमासाठी जास्त महत्त्वाचे आहे.

एक ढोबळ हिशेब पाहा. २८० च्या वेगाने सुटलेली गोळी ३० मीटर जाईपर्यंत हवेच्या विरोधाने जवळपास निम्मा वेग गमावते आणि या वाटेत सुमारे एक मीटर खाली येते. नेम धरताना तेवढे वर धरावे लागते. आता पुढची गोळी दहा टक्के कमी वेगाने सुटली तर ती आणखी वीस-पंचवीस सेंटीमीटर खाली पडते. दहा टक्के जास्त वेगाने सुटली तर तेवढीच वर जाते. छातीवर धरलेला नेम कधी पोटाला तर कधी तोंडाला लागतो. खेळणारा म्हणतो, माझा हात बसलेला नाही. दोष हाताचा नसतो, मार्करचा असतो.

दहा गोळ्या क्रोनोग्राफवर मारून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेग लिहून घ्यावा. मधल्या आकड्यापासून दोन्ही बाजूंना पाच फुटांचा फरक असेल तर मार्कर उत्तम. दहा फुटांपर्यंत भाड्याच्या खेळाला चालेल. वीस-तीस फुटांचा फरक असेल तर तो माल परत करावा. कापडात आम्ही वजन आणि पन्हा मोजल्याशिवाय थान घेत नाही. येथे क्रोनोग्राफ म्हणजेच आपली मोजपट्टी आणि तराजू.

गॅस कोणता वापरावा

मार्कर दोन गोष्टींवर चालतात. एक कार्बन डायऑक्साइड, ज्याला आपल्याकडे सीओटू म्हणतात. दुसरी जास्त दाबाची साधी हवा.

सीओटू आपल्या पट्ट्यात सहज मिळतो, कारण फॅब्रिकेशनची निम्मी दुकाने सीओटू वेल्डिंगवर चालतात. सिलिंडरमध्ये तो द्रव रूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. २१ अंशांवर दाब सुमारे ५८ बार असतो. ३१ अंशांवर तो ७३ बारच्या घरात जातो. त्यापुढे आत द्रव उरतच नाही आणि सिलिंडर किती भरला आहे त्यानुसार दाब झपाट्याने चढतो. चाकणच्या एप्रिल-मेच्या उन्हात पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे सकाळी २७० वर लावलेला मार्कर दुपारी ३०० ओलांडू शकतो. उलट भराभर गोळ्या मारल्या की सिलिंडर थंड पडतो, दाब उतरतो आणि वेग घसरतो. भाच्याच्या मैदानावर एकच मार्कर कधी मवाळ तर कधी जहाल का होत होता, त्याचे उत्तर येथे आहे.

सीओटू वापरायचाच असेल तर तीन नियम पाळावेत. सिलिंडर वजनावर भरावा, अंदाजाने कधीही नाही. तो सावलीत ठेवावा, बंद मोटारीत उन्हात सोडू नये. आणि वेग सकाळी एकदा नव्हे, तर ऊन चढल्यावर पुन्हा तपासावा.

साध्या हवेचा सिलिंडर ३००० किंवा ४५०० पीएसआयपर्यंत, म्हणजे सुमारे २०० किंवा ३०० बारपर्यंत भरतात. त्याच्या तोंडावर रेग्युलेटर असतो आणि तो हा दाब उतरवून साधारण ८०० ते ८५० पीएसआय एवढा सारखा पुढे देतो. हवेत द्रव नसल्याने उन्हाचा आणि भराभर मारण्याचा परिणाम फारच कमी होतो. सारखा वेग हवा असेल तर हवाच चांगली. मात्र वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर ८ ते १० बार देतो, त्याने हा सिलिंडर भरणार नाही. त्यासाठी पाणबुड्यांचे सिलिंडर भरतात तसा जास्त दाबाचा, गाळणी असलेला कॉम्प्रेसर लागतो. हा खर्च मार्करच्या किमतीत दिसत नाही, पण खिशातून जातोच.

आता एक कळकळीची सूचना. आपल्या वेल्डिंगवाल्या बंधूंकडे ऑक्सिजनचे सिलिंडर असतात. हवा संपली म्हणून कोणी ऑक्सिजन भरण्याचा विचार करील तर त्याला तेथेच रोखावे. जास्त दाबाचा ऑक्सिजन तेलाच्या किंवा ग्रीसच्या थेंबाला लागला की आग लागते आणि स्फोट होतो. मार्करच्या आत तेल असतेच.

सिलिंडरबाबत कायदाही आहे. अर्ध्या लिटरपेक्षा मोठा गॅस सिलिंडर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत येतो. ही बाब पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. तिची मान्यता नसलेला परदेशी सिलिंडर भरून घेणे नियमात बसत नाही. सिलिंडरच्या अंगावर ठोकलेली चाचणीची तारीख पाहावी. मुदत संपलेला सिलिंडर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

कोणत्या जातीचा मार्कर टिकतो

ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिला हाताने ओढायचा पंप मार्कर. प्रत्येक गोळीला एकदा ओढावे लागते. बिघडायला आत फारसे काही नसते, पण नवख्या गिऱ्हाइकाला तो संथ वाटतो.

दुसरा स्प्रिंगचा अर्धस्वयंचलित मार्कर. घोडा दाबला की स्प्रिंगवरचा हातोडा पुढे जाऊन व्हॉल्व्हवर आपटतो. सुटलेल्या गॅसचा एक भाग गोळीला ढकलतो, दुसरा भाग हातोड्याला मागे नेऊन पुन्हा अडकवतो. म्हणून पुढची गोळी लगेच तयार होते. यात बॅटरी नाही, सर्किट नाही. थोडे शिकवले तर मैदानावरचा मुलगाही तो खोलून, पुसून पुन्हा जोडू शकतो. भाड्याच्या मैदानांवर वर्षानुवर्षे हीच जात चालत आली आहे. अमेरिकेतील फोर्ट वेन गावच्या टिपमन कंपनीचा ९८ नंबरचा मार्कर हा त्याचा सर्वांत ओळखीचा नमुना. कारागीर बंधूंना ऐकून बरे वाटेल की याच टिपमन घराण्याचे जाड चामडे शिवण्याचे हातयंत्रही प्रसिद्ध आहे. शिलाई यंत्र असो की मार्कर, दणकट धातूचे शरीर आणि मोजकेच हलते भाग हे त्यांचे वैशिष्ट्य.

तिसरा बॅटरीवर चालणारा मार्कर. त्याचा व्हॉल्व्ह विजेवर उघडतो, वेग अधिक सारखा राहतो, चाप हलका असतो. स्पर्धा खेळणाऱ्याला तो उत्तम. पण दिवसाला पन्नास अनोळखी हात लागणाऱ्या आणि पावसात, धुळीत पडणाऱ्या मालासाठी तो नाजूक आहे. त्याचा बोर्ड जळला तर आपल्या गावात दुरुस्त करणारा शोधावा लागतो.

याशिवाय ०.५० इंचाच्या लहान गोळीचे मार्कर येतात. ती गोळी सव्वा ग्रॅमच्या आसपास असते, मार कमी बसतो, पल्लाही कमी असतो. लहान मुलांना खेळवायचे असेल तर हेच घ्यावेत. मात्र एका मैदानावर दोन मापे मिसळू नयेत. गर्दीत गोळ्यांची अदलाबदल झाली की दिवस वाया जातो.

भरवसा लहान भागांत असतो

मार्कर बंद पडतो तो बहुधा एखाद्या क्षुल्लक भागामुळे. पहिला भाग म्हणजे ओ-रिंग. सीओटू साध्या रबरात शिरतो आणि रबर फुगते. म्हणून सिलिंडरच्या तोंडाशी पॉलियुरेथेनची रिंग लागते. भोसरीच्या सीलच्या दुकानांत प्रत्येक मापाची रिंग मिळते, परंतु आतला व्यास, जाडी, कडकपणा आणि माल हे चारही जुळवूनच घ्यावी. तेल मार्करच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेच घालावे. हाताला लागेल ते मशीनचे तेल घातल्याने रिंगा खराब होतात.

दुसरा भाग, गोळी अडवणारी लहानशी जीभ. ती एका वेळी एकच गोळी नळीसमोर धरून ठेवते. झिजली की गोळी पुढे घसरते, मागून दुसरी शिरते आणि दोन्ही चिरडतात. ती चार पैशांची वस्तू आहे, पण तिच्यावाचून खेळ थांबतो. तिसरा भाग वरचा हॉपर. साध्या हॉपरमधून गोळ्या आपल्या वजनाने घरंगळतात. गोळी फुगलेली असेल तर त्या तोंडाशीच अडकतात.

म्हणून खरेदीच्या दिवशीच दर मार्करमागे ओ-रिंगांचा एक संच, एक जीभ, एक स्प्रिंग आणि दर दहा मार्करमागे एक व्हॉल्व्ह मागून घ्यावा. जो पुरवठादार म्हणेल की हे भाग लागतच नाहीत, त्याच्याकडे ते नाहीत असे समजावे.

गोळ्यांची निगा

जिलेटिन ओलावा ओढते. लोणावळा-मावळच्या पावसाळ्यात उघडे खोके दोन दिवस पडले तर गोळ्या फुगतात, मऊ होतात, अंड्यासारख्या लांबट होतात. मग मार्कर लाखाचा असला तरी नेम लागत नाही. उन्हाळ्यात एकीकडून ऊन लागले तरी तेच होते. खोके थंड, कोरड्या जागी ठेवावे, पिशवी बंद ठेवावी आणि एकदम मोठा साठा करू नये. गोळी काचेवर घरंगळवून पाहावी. डुलत गेली तर ती गोल नाही.

येथे आणखी एक बाब सांगणे आमचे कर्तव्य आहे. जिलेटिन जनावरांच्या कातडी आणि हाडांपासून बनते, डुकराचे कातडेही त्यासाठी वापरले जाते. गोळी मुखवट्यावर फुटली की थेंब तोंडात जाऊ शकतो. ज्यांना ही बाब महत्त्वाची वाटते त्यांनी जिलेटिन कोणत्या जनावराचे, याचा लेखी खुलासा पुरवठादाराकडून घ्यावा. मसला मात्र जाणकार उलेमांना विचारावा, कापडवाल्याला नव्हे.

खरेदीपूर्वीची परीक्षा

सर्व माल एकदम उचलू नये. एकच मार्कर घ्यावा, आपण वापरणार तोच गॅस आणि तीच गोळी घालून खालीलप्रमाणे पाहावे. पाहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर मुखवटा असावा.

१) सिलिंडर जोडून सर्व सांध्यांना साबणाचे पाणी लावावे आणि अर्धा तास थांबावे. बुडबुडा आला तर पुढे जाऊ नये.

२) दहा गोळ्या क्रोनोग्राफवर माराव्यात. ऊन चढल्यावर पुन्हा दहा माराव्यात. दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहावेत.

३) मार्कर टेबलावर शिकंज्यात हलक्या हाताने, खाली कापड घालून पक्का धरावा आणि २० मीटरवरच्या फळीवर वीस गोळ्या माराव्यात. असे दोन-तीन कंपन्यांचे मार्कर एकाच दिवशी, एकाच गोळीने तपासावेत. ज्याच्या खुणा सर्वांत लहान वर्तुळात बसतील तो नेमाचा. माणसाच्या हाताने मारून ही तुलना करू नये, त्यात हाताचा दोष मिसळतो.

४) तीन-चार हॉपर भरून न थांबता चालवावा. किती गोळ्या आत फुटल्या ते मोजावे.

५) मैदानावर जो मुलगा काम करणार त्याच्याकडूनच मार्कर खोलून, पुसून पुन्हा जोडवून घ्यावा. दहा-पंधरा मिनिटांत जमले तर तो मार्कर आपल्या कामाचा.

६) पक्के जीएसटी बिल, आयातीचे कागद, हमीची मुदत आणि सुट्या भागांचे दर लेखी घ्यावेत. गळका नग किती दिवसांत बदलून मिळेल हेही त्यावर लिहून घ्यावे. तोंडी वायदा बाजारात चालत नाही.

यात उतरलेला नमुना मोहोर करून आपल्याकडे ठेवावा आणि बाकीचा माल त्याच्याशी ताडून घ्यावा. कापडात नमुन्याचा तुकडा जपून ठेवतात तसेच हे आहे. वीस खेळाडूंसाठी वीस नव्हे, बावीस ते चोवीस मार्कर असावेत. चालू खेळात दुरुस्ती करायची वेळ येऊ नये.

डोळा आणि कायदा

३ ग्रॅमची गोळी २८० च्या वेगाने सुटते तेव्हा तिच्यात जवळजवळ ११ जूल ऊर्जा असते. अंगावर तेवढ्याने वळ उठतो, डोळ्यावर ती लागली तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून पैशाची वाटणी करताना आधी मुखवटे, मग क्रोनोग्राफ आणि शेवटी मार्कर, असा क्रम ठेवावा. मुखवटा पेंटबॉलचाच असावा. वेल्डिंगचा किंवा मोटारसायकलचा चष्मा चालणार नाही. पेंटबॉलच्या मुखवट्यांसाठी एएसटीएम एफ १७७६ हे अमेरिकेचे मानक आहे, त्याचा शिक्का पाहावा. दुहेरी काचेचा मुखवटा वाफ कमी धरतो. आमच्या प्रकरणातील मुलाने मुखवटा वर केला तो वाफेमुळेच, म्हणून ही चैन नव्हे, गरज आहे. मैदानाबाहेर प्रत्येक नळीच्या तोंडावर कापडी टोपी चढवलेली असावी.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांत हवेवर चालणाऱ्या शस्त्रांबाबतही तरतुदी आहेत. चाकणचा भाग २०१८ साली सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतो. पैसे देण्याआधी मार्करची माहिती, मैदानाचा पत्ता आणि पुरवठादाराचे कागद जोडून तेथील परवाना शाखेत लेखी अर्ज करावा आणि लेखी उत्तर फाइलला लावावे. मार्कर उघड्यावर मिरवू नयेत, बंद पेटीत न्यावेत. आपल्या मुलांनी तर याबाबत दुप्पट सावध राहिलेले बरे.

एक शब्द आमच्या मालाविषयी. खेळाचे बॉयलर सूट साध्या एकरंगी जाड सुती ड्रिलचे शिवावेत. लष्करी छापाच्या मोहात पडू नये. भारतीय सैन्याने जानेवारी २०२२ मध्ये दाखवलेल्या नव्या गणवेशाची नक्षी सैन्याच्या नावाने नोंदलेली आहे. तिची नक्कल शिवणारा आणि विकणारा, दोघेही अडचणीत येतात.

शेवटी

भाच्याने पुढच्या वर्षी पुन्हा हिंमत केली. या वेळी बाराऐवजी आठच मार्कर घेतले, तेही एक नमुना दोन दिवस तपासून. क्रोनोग्राफ मैदानाच्या दारातच टेबलावर ठेवला. प्रत्येक मार्कर खेळाआधी त्याच्यासमोरून जातो आणि आकडा वहीत चढतो. गिऱ्हाइकांनाही तो आकडा दिसतो. भाचा सांगतो की कंपनीचे लोक मार्करची कंपनी विचारत नाहीत, ती वही पाहून दिवस ठरवतात.

आमच्या तीस वर्षांच्या व्यापाराचा तजुर्बाही हाच आहे. जो माल मोजून घेतो तोच मोजून देऊ शकतो, आणि मोजून देणाऱ्याच्या दारात गिऱ्हाईक परत येते. तरुणांनी नवे धंदे अवश्य करावेत. फक्त घरची पुंजी आणि दुसऱ्याचा डोळा या दोन्ही गोष्टी आपल्याकडे अमानत आहेत, हे खरेदीच्या दिवशी लक्षात ठेवावे.